चाळिशीचा चष्मा आणि लाडकी सवत

मराठीत 'चाळिशी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा, दुसरा चष्म्याचा. माणसाला चाळिशी येते आणि माणसाला चाळिशी लागते, ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलून जातो. वयाच्या या टप्प्यावर डोळ्यांतील भिंग आपली लवचीकता गमावू लागते. लांबचा डोंगर स्वच्छ दिसतो, पण हातातल्या वर्तमानपत्राची अक्षरे पुसट होतात. दूरचे दिसते, जवळचे दिसत नाही. मध्यमवयातील विवाहित पुरुषाच्या अस्वस्थतेला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. मराठीने तसे नाव घडवलेले नाही. त्या अवस्थेचे नेमके निदान मात्र या एका शब्दात आधीच करून ठेवले आहे.

आपल्या भाषेत या अवस्थेसाठी जे इतर शब्द आहेत ते थट्टेचे आहेत. 'म्हातारचळ' म्हणताना आपण रोग सांगत नाही, माणसाला हसतो. परंपरेने गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थाची सोय सांगितली होती, पण गृहस्थाश्रमाच्या मध्यावरच पाय अडखळला तर काय करावे, याविषयी ती फारसे बोलत नाही. ते काम आपल्याकडे प्रहसनाने आणि विनोदी नाटकाने केले, आणि पुढे चित्रपटाने. म्हणूनच या विषयावरचा मराठीतील सर्वांत लक्षणीय विनोदी चित्रपट, स्मिता तळवलकर यांचा 'सवत माझी लाडकी' (१९९३), केवळ करमणूक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो गंभीरपणे पाहावा असे मला वाटते, आणि तो कुठे थांबतो हेही तितक्याच गंभीरपणे पाहावे.

आधी थोडे मागे जाऊ. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'मध्ये (१८९९) वृद्ध भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतो. तेथे हसू सरळ त्या म्हाताऱ्यावर रोखलेले आहे आणि त्या हसण्यामागे जरठ-बाला विवाहाविरुद्धचा संताप आहे. देवलांच्याच 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनराव स्वतः कुठे जात नाही. बायको कुठे जात असेल या विचाराने तो पोखरला गेला आहे. वय वाढलेल्या नवऱ्याची ही दुसरी तऱ्हा. १९३६ च्या आसपास आचार्य अत्रे 'लग्नाची बेडी' लिहितात, तेव्हा विवाहित पुरुष रश्मी नावाच्या मोहक स्त्रीभोवती घुटमळतात आणि अखेर आपापल्या संसारात परततात. या तिन्ही नाटकांत पुरुषाचे हसे होते, पण कारणे वेगळी आहेत. भुजंगनाथाचे हसे त्याच्या अन्यायामुळे होते, फाल्गुनरावाचे त्याच्या भयामुळे, आणि अत्र्यांच्या पुरुषांचे त्यांच्या भाबड्या हावरेपणामुळे. पत्नी मात्र तिन्हीकडे कथेच्या कडेला आहे. ती असते किंवा नसते, रडते किंवा चिडते; कथा हलवणारा हात तिचा नाही.

'सवत माझी लाडकी'ने केलेला पहिला बदल हाच आहे. कथासूत्र साधे आहे. मोहन जोशी यांनी रंगवलेला डॉक्टर संसारात स्थिरावलेला, व्यवसायात यशस्वी आणि वयाने मध्यावर आलेला आहे. तो वर्षा उसगावकर यांनी रंगवलेल्या तरुण सहकारी डॉक्टरच्या प्रेमात पडतो. नीना कुळकर्णी यांनी रंगवलेल्या पत्नीला हे कळते. येथपर्यंत कथा आपण हजारदा ऐकलेली आहे. पुढे पत्नी आकांडतांडव करत नाही, माहेरी जात नाही, विषाची बाटलीही शोधत नाही. ती त्या मुलीला घरात आणते आणि संसाराची सूत्रे तिच्या हाती सोपवते.

तळवलकरांच्याच संस्थेने आधी 'कळत नकळत' हा चित्रपट केला होता. कांचन नायक यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटाला १९८९ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. विषय हाच, घरातल्या पुरुषाचे बाहेर गुंतणे. तेथे मात्र त्याची झळ घराला आणि मुलांना बसते, आणि सूर दुखावलेला आहे. एकाच निर्मातीने एकच प्रश्न काही वर्षांच्या अंतराने एकदा अश्रूंच्या आणि एकदा हास्याच्या बाजूने मांडावा, हे योगायोगाने घडत नाही. अश्रूंच्या मांडणीत न मावलेले काहीतरी हास्यात सापडेल, असे तिला वाटले असावे. ते काय होते, हा माझ्या दृष्टीने या चित्रपटाचा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी दोन परके चित्रपट शेजारी ठेवून पाहू. बिली वाइल्डरचा 'द सेव्हन इयर इच' (१९५५) या प्रकाराचा जागतिक नमुना मानला जातो. त्यात उन्हाळ्यासाठी बायको आणि मुलगा थंड हवेच्या गावी रवाना होतात, आणि उकाड्याच्या न्यूयॉर्कमध्ये एकट्या राहिलेल्या नवऱ्याच्या डोक्यात वरच्या मजल्यावरची तरुणी फिरू लागते. त्या तरुणीला चित्रपटात नावसुद्धा नाही. ती व्यक्ती नाही, नवऱ्याच्या कल्पनेचा पडदा आहे. बी. आर. चोप्रा यांच्या 'पती पत्नी और वो'मध्ये (१९७८) नवरा सेक्रेटरीची सहानुभूती मिळवण्यासाठी धडधाकट बायकोला दुर्धर आजारी ठरवतो. पकडला जातो, माफी मागतो, आणि शेवटी नवी सेक्रेटरी येताच त्याची नजर पुन्हा भिरभिरते. प्रेक्षक हसतो, कारण पुरुष असाच असतो हे त्याने मान्य केलेले असते.

दोन्हीकडे विनोद उभा राहण्यासाठी पत्नीला दूर करावे लागते. एकीकडे गावाला पाठवून, दुसरीकडे आजारी ठरवून. मराठी चित्रपटात पत्नी घरातच आहे, आणि विनोद घडतो तो ती दूर होण्याचे स्वतः ठरवते म्हणून. तिने काय सोडले? नवऱ्यावरचा हक्क सोडला असे कथा वरवर सांगते. प्रत्यक्षात तिने काम सोडलेले असते. कुणाला काय लागते, कुठली वस्तू कुठे असते, कुणाचे पथ्य कोणते, कुणाशी कसे बोलायचे, हे सारे वर्षानुवर्षे एका बाईच्या डोक्यात साठलेले असते. त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही आणि श्रमही म्हणत नाही. ते दुसरीच्या हाती जाते तेव्हाच ते दिसू लागते. डॉक्टरांना ज्या तारुण्याची भूल पडली, ते त्या मुलीकडे होते, कारण तिच्यावर संसार नव्हता. आणि डॉक्टर स्वतः इतके तरुण राहू शकले, कारण त्यांच्यावरही तो नव्हता.

'चाळिशी' हा शब्द येथे उपयोगी पडतो. डॉक्टरांना जवळचे दिसत नव्हते. पत्नी त्यांना समजावत नाही, उपदेश करत नाही. ती जवळची वस्तू उचलून थोडी लांब ठेवते. चाळिशी लागलेला माणूस वर्तमानपत्र हात लांब करून वाचतो तसे. हास्य निर्माण होते ते या अंतरातून. अश्रूंच्या मांडणीत पत्नीचे दुःख दिसते, पण तिचे काम दिसत नाही. मला वाटते, हास्याच्या मांडणीत तळवलकरांना नेमके हेच सापडले. पत्नीचे हे वागणे म्हणजे एक संप आहे, घोषणा आणि फलक नसलेला.

शीर्षकाकडेही जरा नीट पाहावे. आपल्या कहाण्यांतील राजाला दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. आवड-नावड अर्थातच राजाची. या चित्रपटाच्या नावात 'माझी' म्हणणारी पत्नी आहे आणि 'लाडकी' ठरवणारीही तीच. राजाची आवड ठरवण्याचा अधिकार राणीने काढून घेतला आहे. 'माझी' या एका शब्दाने कहाणीची सारी रचना उलटवली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने शीर्षकाच्या अभ्यासासाठी याहून चांगले उदाहरण शोधू नये.

पण 'सवत' हा शब्द विनोदी कसा झाला? जात्यावरच्या ओव्यांत सवतीच्या ओव्यांचा एक वेगळा कप्पाच आहे आणि त्यात हसू अभावानेच सापडते. पहाटे दळणाऱ्या बाईसाठी सवत ही शेजारच्या खोलीत झोपलेली खरी बाई होती. तिच्यामुळे भाकरी अर्धी होई आणि मुलांचे स्थान डळमळीत होई. हा शब्द मध्यमवर्गाला हसण्याजोगा वाटू लागला, त्याला कायद्याचा आधार आहे. मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९५१ साली नरसू आप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो ग्राह्य ठरवला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर लागू केले. १९९३ साली शहरी, सुशिक्षित प्रेक्षकाच्या दृष्टीने सवत ही कायद्याने अशक्य झालेली गोष्ट होती. दात काढलेल्या सापाशी खेळता येते. डॉक्टरांची पत्नी सवतीला 'लाडकी' म्हणू शकते, कारण तिच्या घरावरचा तिचा कायदेशीर हक्क शाबूत आहे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मराठी शिकवताना हे विसरता येत नाही. आमच्या वर्गांत आगरी, कुणबी घरांतल्या मुलींबरोबर वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांतल्या मुली बसतात. १९५५ च्या कायद्याच्या कलम २, पोटकलम २ नुसार केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तेथे रूढी चालते. आणि जेथे कायदा लागू आहे तेथेही तो पाड्यापर्यंत चालत जातोच असे नाही. कागदावर नसलेली दुसरी बायको ही काही केवळ ओवीतली गोष्ट नव्हे. त्यामुळे वर्गात 'सवत' हा शब्द आला की काहीजणी हसतात आणि काहीजणी वहीत पाहू लागतात. एकाच शब्दावर वर्ग दुभंगतो. साहित्य शिकवणाऱ्याने हा क्षण ओलांडून पुढे जाऊ नये. विनोद सार्वत्रिक असतो असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात हसण्यासाठी पायाखाली थोडी पक्की जमीन लागते, आणि ती सर्वांकडे सारखी नसते.

संसार सोपवण्याच्या कल्पनेचेही तसेच. चित्रपटातील घर शहरी, सुस्थितीतले आहे. तेथे संसार सोपवणे म्हणजे स्वयंपाकघर, पाहुणे, वेळापत्रके. आमच्या भागात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि याच शहापूर तालुक्यातील कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. येथे एखाद्या बाईने आपला संसार दुसरीच्या हाती द्यायचे ठरवले तर आधी हंडा द्यावा लागेल आणि विहिरीची वाट दाखवावी लागेल. तेथे नवऱ्याची फजिती होणार नाही, कारण पाणी आणणे हे कधीच त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हते. आणि नवराही पहाटेच्या अंधारात आसनगावहून लोकल पकडून रात्री परतणारा असेल, तर जवळचे न दिसण्याचे आणखी एक कारण पुढे येते: तो जवळ असतोच कधी? मुरबाडला तर रेल्वेही नाही, एसटीने कल्याण गाठण्यापासून दिवस सुरू होतो. मध्यमवयाचे संकट ही चैन नाही हे खरे, पण त्याचा विनोद होण्यासाठी थोडी फुरसत, थोडा पैसा आणि एक स्वतंत्र खोली लागते, हेही तितकेच खरे.

यावर कुणी म्हणेल की हलक्याफुलक्या चित्रपटावर हे ओझे कशाला. माझे म्हणणे असे की चित्रपटानेच ते ओझे उचलून दाखवले आहे. घरकाम हे काम आहे, हे त्याने बोधवाक्य न उच्चारता दाखवले. मग त्याच्याकडून पुढच्या पायरीची अपेक्षा करणे अन्यायाचे नाही.

ती पायरी तो चढत नाही. डॉक्टर ताळ्यावर येतात, मूळ संसार सावरतो. सुखात्मिकेच्या रूढीप्रमाणे सारे पूर्ववत होते आणि पूर्ववत होणे हाच सुखान्त मानला जातो. पण पूर्ववत म्हणजे काय? सूत्रे पुन्हा त्याच हाती आणि ओझे पुन्हा त्याच डोक्यावर. संप यशस्वी झाला म्हणून मागे घेतला गेला. मागण्यांचे काय झाले, हे विचारायचे राहून गेले. नवऱ्याला आपल्या बायकोची किंमत कळली, असे समाधान प्रेक्षक घरी घेऊन जातो. किंमत कळणे आणि ती मोजणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र तो घेऊन जात नाही. शिवाय या साऱ्या शहाणपणाचा खर्च कुणी केला, हेही पाहावे. चूक नवऱ्याची, पण संयम, युक्ती, हसतमुख चेहरा आणि सवतीला शिकवण्याची मेहनत, हे सारे बायकोचे. फसवणूक झालेल्या व्यक्तीनेच विनोदबुद्धीही पुरवायची, अशी ही वाटणी आहे.

ज्येष्ठ स्त्रीवादी वाचकांचा आक्षेप याहून कडक असतो. त्यांच्या मते हा चित्रपट घटस्फोटाचा विचारही न करणाऱ्या बाईला शहाणी ठरवतो. मला तो आक्षेप अर्धा पटतो. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या मध्यमवयीन गृहिणीसमोर १९९३ साली किती दारे उघडी होती, याचा हिशेब आक्षेप घेताना ठेवायला हवा. तिच्या हाती एकच साधन होते, आपले काम काढून घेणे. ते तिने वापरले. चित्रपटाचा धाडसी भाग तो वापर आहे. भित्रा भाग शेवट आहे. दोन्ही एकाच चित्रपटात आहेत, आणि त्यातल्या एकामुळे दुसरा खोटा ठरत नाही.

या शेवटाला एक अनपेक्षित पुरवणी मिळाली, असे मला वाटते. १९९८ साली तळवलकरांच्याच निर्मितीत, संजय सूरकर यांच्या दिग्दर्शनाखाली 'तू तिथं मी' आला. त्यातही मोहन जोशी आहेत, या वेळी वृद्ध पती म्हणून, आणि सुहास जोशी त्यांच्या पत्नी. आयुष्यभर एकमेकांना फारसा वेळ न दिलेले हे दाम्पत्य उतारवयात मुलांच्या सोयीसाठी वेगवेगळ्या घरांत विभागले जाते. आणि मग ते दोघे एकमेकांना भेटण्यासाठी धडपडू लागतात. पाच वर्षांपूर्वी ज्याला जवळचे दिसत नव्हते, त्याच नटाला आता बायको लांब गेल्यावर ती स्पष्ट दिसते. दोन्ही चित्रपटांत अंतर हेच औषध आहे. फरक इतका, की पहिल्यात ते अंतर बायकोने निर्माण केले आणि दुसऱ्यात मुलांनी लादले. हे दोन चित्रपट 'कळत नकळत'बरोबर एका ओळीने पाहिले, तर त्यांतून मराठी मध्यमवर्गीय विवाहाचे एक सलग चरित्र तयार होते: दुखावणे, हसणे आणि उशिरा ओळख पटणे.

राहता राहिला एक प्रश्न. पुरुषाच्या चाळिशीवर आपण इतके हसलो. बाईच्या चाळिशीचे काय? गद्यात तिची नोंद आधीच झाली होती. गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया' (१९८०) या पुस्तकातील दीर्घकथांपैकी एकीचे नावच 'मध्य लटपटीत' आहे. या विषयाला याहून नेमके मराठी नाव मला माहीत नाही. पडद्यावर मात्र तिला वाट पाहावी लागली. हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' (२०२१) आणि केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' (२०२३) यांनी मध्यमवयीन आणि त्यापुढच्या बायकांना कथेच्या मध्यभागी आणले आणि चित्रपटगृहे बायकांनी भरली. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वतःकडे पाहण्यासाठी या बायकांना घराबाहेर पडावे लागते, एकीकडे परदेशी सहलीला, दुसरीकडे मंगळागौरीच्या स्पर्धेला. पुरुषाला त्याचे संकट कामाच्या जागी, राजरोस, चहा पिता पिता सापडते. बाईला ते सापडावे म्हणून आधी रजा मिळवावी लागते. त्या रजेत घरचे काम कोण करते, हा १९९३ च्या चित्रपटाने उभा केलेला प्रश्न तीस वर्षांनंतरही त्याच जागी उभा आहे.

म्हणून माझी सूचना अशी की 'सवत माझी लाडकी' हा चित्रपट 'शारदा', 'संशयकल्लोळ' आणि 'लग्नाची बेडी' यांच्या जोडीने, मराठी सुखात्मिकेच्या परंपरेत ठेवून शिकवावा, आणि त्याच तासाला सवतीच्या ओव्याही वाचाव्यात. विद्यार्थ्यांना विनोदाची व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा, कोण हसले, कोण हसले नाही आणि का, हे लिहायला सांगावे. शहापूरच्या वर्गातली उत्तरे पुण्याच्या वर्गातल्या उत्तरांहून वेगळी येतील. त्यांतले एखादे उत्तर असेही असेल की संसार सोपवणाऱ्या बाईपेक्षा तो हाती घेणाऱ्या मुलीचे पुढे काय झाले, हे आम्हाला जाणून घ्यायचे आहे. तो प्रश्न चित्रपटापेक्षा मोठा आहे. त्याला गुण द्यावेत.